चल्लस आठ खेळू या, जरा हिशेबानं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

आज कर्जाचा, व्याजाचा, बँकेच्या कागदांचा विषय नाही. आज खेळाविषयी बोलायचं आहे. चल्लस आठ. कुणी याला अष्टाचंगा म्हणतं, कुणी चौकाबारा. नाव काहीही असो, फरशीवर खडूनं पंचवीस घरं आखायची, चार कवड्या हातात खुळखुळवायच्या आणि टाकायच्या, हे आपल्यापैकी बहुतेकींनी लहानपणी पाहिलेलं आहे. आता पावसाळ्यात शेतातली कामं थांबली की दुपारी तासभर मिळतो. पण पट मांडला की नव्या मुली म्हणतात, “यात शिकायचं काय? कवडी पडेल तसं चालायचं.” आणि ज्या आजीबाई दर डाव जिंकतात, त्यांना आपण म्हणतो, “तुमच्या हाताला दान चांगलं पडतं.”

आजीबाईंच्या हाताला काही वेगळं दान पडत नाही, मैत्रिणींनो. त्या मनात हिशेब करत असतात. तो हिशेब आज मी उघड करून सांगणार आहे. सोबत खडू असेल तर पट आखून ऐका, म्हणजे लवकर लक्षात येईल.

आधी पट. पाच घरं आडवी, पाच घरं उभी, एकूण २५. चारही बाजूंच्या मधल्या घरात एकेक फुली मारा आणि अगदी मधोमधच्या घरात एक. झाल्या पाच फुल्या. चौघी चार बाजूंना बसा. जिच्यासमोर जी फुली, ती तिची. तिथं तिच्या चार सोंगट्या. चिंचोके घ्या, बांगडीचे तुकडे घ्या, खडे घ्या, फक्त प्रत्येकीचे वेगळे ओळखू आले पाहिजेत.

आता दान. चार कवड्या टाकायच्या. एक उताणी पडली, म्हणजे तोंड वर आलं, की एक. दोन उताण्या की दोन. तीन उताण्या की तीन. चारही उताण्या पडल्या की चल्लस, म्हणजे चार. आणि चारही पालथ्या पडल्या की आठ. चल्लस किंवा आठ पडलं की आणखी एकदा टाकायला मिळतं. खेळाचं नाव या दोन दानांवरूनच आलं.

सोंगटी आपल्या फुलीवरून उजव्या हाताकडे निघते, बाहेरच्या कडेनं पूर्ण फेरी मारते, आपल्या फुलीच्या एक घर अलीकडे आली की आत वळते, आतल्या फेरीत उलट्या दिशेनं फिरते आणि शेवटी मधल्या फुलीवर जाते. मोजून बघा. बाहेरची १५ घरं, आतली ८ आणि मधलं १, अशी एकूण २४ घरं चालायची. वाटेत दुसरीच्या सोंगटीवर नेमकं दान पडलं की ती मेली. तिनं परत तिच्या फुलीवरून सुरुवात करायची. फुलीवर बसलेल्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. आणि ज्या बाईनं एकही सोंगटी मारलेली नाही, तिला आतल्या फेरीत जाता येत नाही.

गावागणिक नियम बदलतात. कुठं सोंगटी पटावर यायलाच चल्लस किंवा आठ लागतं. कुठं मारल्यावर जादा दान मिळतं, कुठं नाही. कुठं आपल्याच दोन सोंगट्या एका घरात चालतात, कुठं चालत नाहीत. म्हणून नवशिक्या बाईला माझं पहिलं सांगणं हे, की डाव सुरू व्हायच्या आधी नियम मोठ्यानं बोलून ठरवून घ्या. अर्ध्या डावात निघालेला नियम नेहमी बोलणारीच्या सोयीचा असतो.

आता दुसरी गोष्ट, आणि सगळ्यात महत्त्वाची. कोणतं दान किती वेळा पडतं?

एक कवडी दोन तऱ्हांनी पडते, उताणी किंवा पालथी. दोन कवड्या चार तऱ्हांनी, तीन कवड्या आठ तऱ्हांनी आणि चार कवड्या सोळा तऱ्हांनी. या सोळातल्या किती तऱ्हा कोणत्या दानाच्या, ते बघू. चल्लसची एकच तऱ्हा, सगळ्या उताण्या. आठचीही एकच, सगळ्या पालथ्या. एकचं दान पडायला चारांतली कोणतीही एक उताणी हवी, म्हणजे चार तऱ्हा. तीनला चारांतली कोणतीही एक पालथी हवी, म्हणजे परत चार तऱ्हा. आणि दोनच्या? इथं थोडं थांबा. घरात चार बायका आहेत: सासू, सून, नणंद, जाऊ. बाजाराला दोघींनी जायचंय. किती जोड्या होतील? सासू-सून, सासू-नणंद, सासू-जाऊ, सून-नणंद, सून-जाऊ, नणंद-जाऊ. सहा जोड्या. तशाच दोनच्या सहा तऱ्हा.

म्हणजे सोळा वेळा टाकलं तर सरासरीनं दोन सहा वेळा, एक चार वेळा, तीन चार वेळा, चल्लस एकदा आणि आठ एकदा. चल्लस किंवा आठ मिळून सोळात दोनदा, म्हणजे आठात एकदा. लक्षात ठेवा: दोन सगळ्यात जास्त, एक आणि तीन त्याखालोखाल, चल्लस आणि आठ क्वचित. लुडोच्या फाशात एकपासून सहापर्यंत सगळे आकडे सारखेच वेळा येतात. कवड्यांत तसं नसतं, म्हणून लुडोची सवय इथं उपयोगाची नाही.

हा झाला सरळ हिशेब. पण कवडी म्हणजे काही टाकसाळीतून आलेलं नाणं नव्हे. तिची पाठ फुगीर, तोंड सपाट. कुणाच्या कवड्या उताण्या जास्त पडतात, कुणाच्या पालथ्या. म्हणून आपल्या घरच्या कवड्या तपासून घ्या. १६० वेळा टाका आणि मुलीला वहीत रेघा मारायला सांगा. सरळ हिशेबानं एक साधारण ४० वेळा, दोन ६० वेळा, तीन ४० वेळा, चल्लस १० आणि आठ १० वेळा यायला हवं. दोन-चार इकडेतिकडे होणारच. पण तीन आणि चल्लस फारच जास्त येत असतील, तर तुमच्या कवड्या उताण्या पडणाऱ्या आहेत, आणि मी पुढं सांगणार आहे ते त्याप्रमाणे थोडं बदलून घ्या. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून एक बाजू पांढरी, एक काळी करून घ्या. त्यांचीही अशीच तपासणी करा.

हा मोजणीचा धडा फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा, क्रिकेटसारखाच बॅट-बॉलचा खेळ आहे. तो मैदानाऐवजी टेबलावर फाशांनी खेळायची पद्धत तिकडे आहे. ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा असा खेळ १९६१ साली निघाला आणि आजही खेळला जातो. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड असतं. फासे टाकायचे, फाशांच्या आकड्यासमोर कार्डावर जे लिहिलं असेल ते झालं असं धरायचं. तिथला नवशिक्या काय करतो? कार्डावर मोठा फटका लिहिलेला दिसला की तोच खेळाडू निवडतो. तो फटका कोणत्या आकड्यासमोर लिहिलाय ते बघत नाही. दोन फाशांची बेरीज ३६ तऱ्हांनी येते. त्यात सातच्या सहा तऱ्हा आणि बाराची एकच. बारासमोर लिहिलेला मोठा फटका दिसायला छान, हाती क्वचित. आपली नवशिकी बाईही तशीच आठच्या आशेवर सोंगटी उघड्यावर बसवून ठेवते.

आता चाली बघू.

पहिली चाल: फुली ते फुली. आपल्या फुलीपासून मोजा. चौथ्या घरात उजवीकडच्या बाईची फुली, आठव्या घरात समोरच्या बाईची, बाराव्या घरात डावीकडच्या बाईची. म्हणजे प्रत्येक फुली चार घरांवर. म्हणून चल्लस किंवा आठ पडलं आणि तुमची एक सोंगटी फुलीवर असेल, तर तीच चालवा. बाहेरच्या फेरीत ती सुरक्षित घरातून सुरक्षित घरात जाते, वाटेत कुणाच्या तोंडी लागत नाही. मधेच रस्त्यात असलेल्या सोंगटीवर चल्लस घालवलं तर ती चार घरं पुढं जाते, पण परत उघड्यावरच बसते.

चल्लसची वाट बघत बसायचं नाही, तर दोन दानांत फुली गाठायची. दोन आणि दोन, एक आणि तीन किंवा तीन आणि एक. यातलं बरं कोणतं? दोन चालून गेलात तर पुढच्या वेळी परत दोन हवं, ते सोळात सहा वेळा पडतं. एक चालून गेलात तर तीन हवं, तीन चालून गेलात तर एक हवं, ते सोळात चारच वेळा. म्हणून फुलीवरून निघायला दोन चांगलं. दोनवर येतो तो पटाचा कोपरा. कोपऱ्यातून पुढची फुली गाठणं सगळ्यात सोपं.

पण कोपऱ्याला एक धोकाही आहे, आणि तीच दुसरी चाल: मागं कोण आहे ते बघा. तुमच्या मागं एका घरावर वैरीण असेल तर तिला एक हवं, म्हणजे सोळात चार वेळा तुम्ही मेलात. दोन घरांवर असेल तर सोळात सहा वेळा. तीन घरांवर असेल तर परत चार वेळा. चार घरांवर असेल तर तिला चल्लसच हवं, सोळात एकदा. पाच, सहा, सात घरांवर असेल तर तिला आधी चल्लस आणि मग नेमकं दान लागतं, ते त्याहून क्वचित. आठ घरांवर असेल तर आठचं दान हवं, तेही सोळात एकदाच. म्हणजे भीती मागच्या तीन घरांची, आणि त्यातही दोन घरांवरच्या सोंगटीची जास्त. चार घरं पुढं निघून गेलात की बरंचसं निश्चिंत.

मागं दोन सोंगट्या वेगवेगळ्या अंतरांवर असतील तर दोन्ही धोके मिळवा. एक घर आणि दोन घरं, म्हणजे चार अधिक सहा, सोळात दहा वेळा. पण एकाच घरात तिच्या चार सोंगट्या बसल्या असतील तर धोका चौपट होत नाही. चौघींनाही तेच एक दान लागतं. नव्या मुली चार सोंगट्यांचा ढीग बघून घाबरतात आणि विखुरलेल्या दोन सोंगट्यांकडे दुर्लक्ष करतात. घाबरायचं ते विखुरलेल्या दोघींना.

आता कोपऱ्याचं कळलं असेल. कोपरा पुढच्या फुलीपासून दोन घरं आणि मागच्या फुलीपासूनही दोन घरं. मागची फुली मोकळी असेल तर कोपरा चांगला. तिथं वैरीण बसली असेल तर कोपऱ्यासारखी वाईट जागा नाही. डावाच्या सुरुवातीला प्रत्येकीची फुली भरलेली असते, म्हणून दुसरीची फुली ओलांडल्यानंतरची तीन घरं जपून. तिथून चल्लस पडलं तर उत्तम, नाहीतर घाई नको.

तिसरी चाल: मेली तर किती जाईल? हे बहुतेक जणी विसरतात. एक उदाहरण सांगते. तुमची एक सोंगटी तीन घरं चाललेली आहे, तिच्या मागं दोन घरांवर वैरीण. दुसरी सोंगटी ११ घरं चाललेली आहे, तिच्या मागं एका घरावर वैरीण. तुम्हाला दान पडलं एक. एकात पहिलीही फुलीवर जाते आणि दुसरीही. कुणाला वाचवाल?

नवीन मुलगी म्हणते, पहिलीला धोका जास्त, सोळात सहा वेळा, तिला वाचवू. पण पहिली मेली तर तीनच घरं जातात. तीन गुणिले सहा, अठरा. दुसरीचा धोका सोळात चार वेळाच, पण ती मेली तर ११ घरं पाण्यात. अकरा गुणिले चार, चव्वेचाळीस. अठरापेक्षा चव्वेचाळीस मोठे. दुसरीला वाचवा. किती वेळा घडेल आणि घडलं तर किती जाईल, हे दोन्ही गुणून बघायचं. आजीबाई हेच करतात. फक्त त्या गुणाकार म्हणत नाहीत, “ही लांबून आलीय, हिला आधी घरी ने” म्हणतात.

चौथी चाल: एक सोंगटी राखणीला ठेवा. सुरुवातीला सगळ्या चारही सोंगट्या बाहेर काढू नका. तुमच्या उजव्या हाताला बसलेली बाई आठवा. तिची सोंगटी सगळा पट फिरून आली की तिला शेवटी तुमची फुली ओलांडावी लागते. तुमची फुली तिच्यासाठी बारावं घर, आणि त्यापुढची तीन घरं तिची तेरा, चौदा, पंधरा. म्हणजे ती जवळजवळ पोचलेली असते आणि तुमच्या राखणीतल्या सोंगटीच्या अगदी तोंडासमोर असते. तिथं मारलं तर तिचं सगळ्यात जास्त जातं, आणि तुम्हालाही आत जायचा परवाना मिळतो. उलट तुमच्या डाव्या हाताची बाई तुमच्यासाठी असाच सापळा लावून बसलेली असते. म्हणून बाराव्या घरातून निघताना तिची फुली भरलेली आहे का, ते बघूनच निघा.

पहिली सोंगटी मारणं फार लांबणीवर टाकू नका. चारही सोंगट्या फेरी मारून आल्या आणि आत जाता येत नाही म्हणून दारात उभ्या, अशी वेळ आली तर खेळ हातचा गेला. पहिली मिळेपर्यंत थोडा धोका पत्करा. मिळाली की मग सांभाळून.

पाचवी चाल शेवटची: मधल्या फुलीवर जायला नेमकं दान लागतं. मग आतल्या फेरीत कुठं थांबावं? मधल्या फुलीपासून दोन घरं अलीकडे. दोन सगळ्यात जास्त पडतं. चार घरं अलीकडे थांबलात तर आत जायला चल्लस हवं, नाहीतर आधी पुढं सरकावं लागतं. आणि दोन सोंगट्या आत असतील तर त्यांना वेगवेगळ्या अंतरांवर ठेवा. एक दोन घरांवर, एक एका घरावर. मग एक पडो की दोन, सोळात दहा वेळा कुणीतरी घरी पोचतेच. तिसरी तीन घरांवर असेल तर सोळात चौदा वेळा. मघाशी वैरिणीच्या विखुरलेल्या सोंगट्यांना घाबरा म्हटलं, तोच हिशेब इथं आपल्या कामी येतो. फक्त आत फुल्या नाहीत, म्हणून आत आलेल्या दुसरीकडे लक्ष असू द्या.

एवढ्या पाच चाली लक्षात ठेवल्या तरी दर डावाला जिंकाल असं नाही. उत्तम खेळणारी बाईही हरते, कारण कवडी कुणाचं ऐकत नाही. पण दहा डाव, वीस डाव खेळा, हिशेबानं खेळणारी पुढं राहिलेली दिसेल. एका डावावरून कुणाला शहाणी किंवा वेडी ठरवू नका.

आता मी हे सगळं गटाच्या बायकांना का सांगते आहे, ते बोलते. गावोगाव बैठकींना जाते तेव्हा एक गोष्ट दिसते. कित्येक गटांत दहा-बारा जणी असतात, वही एकच जण लिहिते आणि बाकीच्या सही किंवा अंगठा करतात. वही वाचून दाखवली की मान हलवतात. विचारलं की म्हणतात, “ताई, आम्हाला हिशेबाचं डोकं नाही.” मला हे पटत नाही. सोळात सहा वेळा, तीन गुणिले सहा, अकरा गुणिले चार, हे ज्या बाईला फरशीवर बसून जमतं, तिला आपल्या बचतीचं व्याज तपासता येणार नाही असं होत नाही. वही लिहिणारी प्रामाणिक असेल, तरीही आकडा सगळ्यांनी बघायचा असतो. तो तिचा अपमान नाही, तिच्या डोक्यावरचं ओझं कमी होतं.

शेतातही हेच आहे. लासलगावच्या बाजारात उद्या कांद्याला काय भाव निघेल, हे दान आपल्या हातात नाही. पण चाळीतला सगळा कांदा एकाच दिवशी न्यायचा की चार खेपांत, हे आपल्या हातात आहे. कर्ज घेताना हप्ता भरता येईलच ना, एवढं विचारून भागत नाही. एक महिना मजुरी मिळाली नाही तर काय, आणि त्यात किती जाईल, हेही विचारा. शेळी मेली तर एक शेळी जाते. घर गहाण टाकलं तर घर जातं. धोका सारखाच वाटला तरी नुकसान सारखं नसतं.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. दानाच्या खेळात पैसे आले की खेळ संपतो. महाभारतातलं द्यूत सगळ्यांना ठाऊक आहे. युधिष्ठिर राज्य हरला, भाऊ हरला, स्वतः हरला आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावलं. आपल्या जिल्ह्याचीही एक कथा आहे. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळले, खंडोबा हरला आणि पणाप्रमाणे बारा वर्षं घराबाहेर गेला. त्याच काळात त्याला बाणाई भेटली, आणि बाणाईचं गाव म्हणून मालेगाव तालुक्यातलं चंदनपुरी ओळखलं जातं. देवाच्या कथेत ते गोड होतं. आपल्या घरात पणाला लागतो तो शाळेच्या फीचा पैसा.

जत्रेत कुणी कवड्या घेऊन बसलेला दिसला आणि म्हणाला, “दहा रुपये लावा, आठ पडलं तर शंभर देतो,” तर आता तुम्हाला हिशेब येतो. आठ सोळात एकदा. सोळा वेळा खेळलात तर १६० रुपये गेले आणि शंभर आले. साठ रुपये त्याच्या खिशात. त्यानं काही लबाडी केली नाही, तरीही. मोबाईलवर पैसे लावून खेळायचे खेळ याच हिशेबावर चालतात, फक्त तिथं कवड्या दिसत नाहीत. अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये मंजूर केला, आणि आपल्या राज्यात जुगारबंदीचा कायदा तर १८८७ पासून आहे. कायदा असला तरी घरातल्या पोराच्या हातातला मोबाईल आपल्यालाच बघायचा आहे. त्याला नुसतं ओरडू नका. त्याच्यासमोर कवड्या १६० वेळा टाका आणि शंभर रुपयांचा हिशेब त्यालाच मांडायला सांगा.

आपल्या गटात चल्लस आठ खेळाल तेव्हा एक रुपयाही लावू नका. हरलेल्या बाईनं सगळ्यांना चहा पाजायचा, असंही नको, कारण रोज हरणारी तीच असते जिला चहा पाजणं परवडत नाही. हरलेलीनं पुढचा पट आखायचा, एवढं पुरे.

हा खेळ फार जुना आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात कातळावर कोरलेले खेळाचे पट सापडले आहेत. वाटेनं जाणारी माणसं तिथं थांबत असतील, बसत असतील. आपल्यालाही तासभर बसायचा हक्क आहे. दुपारी बायका खेळताना दिसल्या की कुणीतरी म्हणतंच, “कामं नाहीत का यांना?” पारावर दिवसभर पत्ते कुटणाऱ्यांना तोच प्रश्न विचारला जात नाही. तुम्ही लाजू नका. कामं करूनच बसला आहात.

तर या महिन्याच्या बैठकीत वही वाचून झाली की अर्धा तास पट मांडा. सासू-सुना समोरासमोर बसा, मुलींना जोडीला घ्या, आजींना मधे बसवा. आधी नियम ठरवा, कवड्या तपासा आणि मग टाका. पुढच्या कार्यक्रमात तुमच्या गावातले वेगळे नियम आणि तुमच्या कवड्यांच्या १६० दानांची मोजणी मला ऐकायची आहे. बैठकीला याल तेव्हा कागदावर लिहून आणा.